तिघांपैकी कुणाला सोडू?

प्रश्न : ताई, मी गुहागर तालुक्यातली, वय २७. मी, पुण्यात नोकरी करणारा माझा मावसभाऊ आणि कॉलेजातली मैत्रीण असे तिघं येत्या एप्रिलमध्ये अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालायला निघणार आहोत. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, आधी वाळवंट, मग बर्फाचे डोंगर. परवाने हातात आहेत, व्हिसाही झाला. सराव म्हणून डिसेंबरात हर्णैपासून जयगडपर्यंत किनाऱ्याने चालायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी भाऊ पुढे निघून गेला आणि दाभोळहून शेवटच्या फेरीबोटीने धोपाव्याला उतरला. आम्ही दोघी पोचलो तेव्हा बोट सुटली होती. तंबू आणि पॉवर बँक त्याच्याकडे, आमचे फोन बंद. एका आजींनी पडवीत झोपू दिलं, त्यांचं नावही विचारायचं राहिलं. भाऊ रात्री उशिरापर्यंत धोपाव्याच्या जेट्टीवर बसून होता, असं मागाहून कळलं. दुसऱ्या दिवसापासून कुणी कुणाशी धड बोललं नाही. मैत्रिणीच्या पायांना फोड आले, गुडघा दुखायला लागला, पालशेतला ती एसटीत बसून घरी गेली. आता भाऊ म्हणतो, ‘तिला झेपणार नाही.’ मैत्रीण म्हणते, ‘तो असेल तर मी येत नाही.’ आई म्हणते, ‘तिघं असाल तरच पाठवीन.’ मी कुणाला सोडू?

उत्तर :

कुणालाच सोडू नकोस. निदान मार्च संपेपर्यंत तरी नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही भावाचा राग आला. मग लक्षात आलं की दाभोळला जे झालं ते एकाच कारणाने झालं: तिघांचा तंबू एकाच्या पाठीवर होता. तंबू तुमच्याकडेही असता, फोनला चार्ज असता, तर बोट चुकणं ही साधी गोष्ट होती. ‘आम्ही अलीकडे थांबतो, सकाळी पहिल्या बोटीने येतो’ एवढा निरोप गेला असता आणि दुसऱ्या दिवशी अंजनवेलच्या वाटेवर तुम्ही हसत भेटला असतात. बोट चुकल्याची धास्ती नव्हती, हाताशी काहीच नसल्याची होती. त्या धास्तीचं पुढे भांडण झालं.

हे मी अनुभवाने सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही चौघं खेडकडच्या महिपतगड, सुमारगड, रसाळगड या तीन किल्ल्यांना गेलो होतो. ओझं वाटून घ्यायचं म्हणून आम्ही सामान फोडून घेतलं होतं. सुमारगडाच्या अलीकडे जंगलात वाट फुटते, तिथे दोघं पुढे गेले आणि दोघं मागे राहिलो. अंधार पडला. माझ्या सॅकमध्ये तांदूळ आणि पातेलं, पुढे गेलेल्यांकडे स्टोव्ह आणि काडेपेटी. त्यांच्याकडे आग होती, शिजवायला काही नव्हतं. आमच्याकडे शिधा होता, आग नव्हती. आम्ही दोघींनी गुळाचा खडा चघळत रात्र काढली. सकाळी रसाळगडावर झोलाईच्या देवळात चौघं भेटलो तेव्हा बोलायला शब्द नव्हते. त्यातल्या एकाशी माझं बोलणं पुढे दोन वर्षं बंद होतं. माणूस वाईट नव्हता. आम्ही चौघांनी मिळून एकच बिऱ्हाड बांधलं होतं आणि ते डोंगरात मधोमध फाटलं.

म्हणून पहिली गोष्ट. तुमच्या हातात जे परवाने आहेत ते नीट बघ. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा लांब पल्ल्याचा परवाना तिघांचा मिळून एक नसतो, प्रत्येकाच्या नावावर वेगळा असतो. दक्षिण सीमेवरून वसंतात दिवसाला पन्नासच जणांना निघता येतं आणि ते पन्नासही एकेकटे मोजलेले असतात. तुम्हीही तसंच निघा. एकाच दिवशी, एकाच जागेवरून, पण तीन पूर्ण माणसं. प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचा तंबू, स्वतःचा शिधा, स्वतःचं पाणी, पाणी गाळायचं फिल्टर, नकाशा, औषधं, पॉवर बँक. किलो-दीड किलो ओझं वाढेल. वाढू दे. त्या बदल्यात कुणी कुणाला ओढत नेणार नाही आणि कुणी कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसणार नाही.

वाटेतल्या सिएरा नेवाडा या डोंगररांगेच्या बऱ्याचशा भागात अस्वलापासून अन्न वाचवायला कडक, झाकणाचा डबा सक्तीचा आहे. तोही प्रत्येकी एक. आणि मोबाइलला रेंज नसताना उपग्रहामार्फत निरोप आणि मदतीची हाक पाठवणारं यंत्र मिळतं, तेही तिघांनी मिळून एक घेऊ नका. ते इथून मात्र नेऊ नका. भारतात परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं कायद्याने गुन्हा आहे, विमानतळावर अडवून लोकांवर कारवाई झालेली आहे. तिकडे घ्या आणि परत येताना तिकडेच कुणाला देऊन या.

आता चालण्याचं. वाट सुमारे ४,२६५ किलोमीटरची. पाच महिन्यांत संपवायची तर सुट्टीचे दिवस धरूनही रोज सरासरी २८ किलोमीटर पडतात. इतके दिवस तीन माणसांची पावलं एका मापात पडतील असं समजू नकोस, नवरा-बायकोचीही पडत नाहीत. तुझ्या भावाचं पाऊल लांब आहे, त्याला मागे खेचलंस तर त्याचा जीव गुदमरतो. मैत्रिणीचं पाऊल आखूड आहे, तिला पुढे ओढलंस तर तिचे पाय जातात. दोघांनाही आपापल्या चालीने जाऊ दे. भेटायच्या जागा मात्र सकाळी निघतानाच ठरवा, त्याही पाण्याच्या. तिथे पुढचा मागच्यासाठी थांबेल, मागचा आल्यावर दोघं मिळून पाणी भरतील, मग पुढचा निघेल. उशीर झाला तर किती वाजेपर्यंत वाट पाहायची आणि त्यानंतर काय करायचं, हेही आधीच ठरलेलं असू दे. घड्याळाची वेळ ठरलेली असली की माणसाचा राग माणसावर निघत नाही.

वाळवंटात या पाण्याच्या जागांचं मोल कळेल. कॅम्पो गावाजवळच्या सीमेवरून निघालं की पहिलं भरवशाचं पाणी सुमारे ३२ किलोमीटरवर, लेक मोरेनाला. पुढेही असे कोरडे टप्पे येत राहतात. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि काही टप्प्यांत पाच-सहा लिटर पाठीवर घ्यावं लागतं. वाटेत कुणी सज्जन बाटल्या भरून ठेवतात, पण त्यांच्यावर विसंबू नका, असं ट्रेल सांभाळणारी संघटनाच बजावते.

तिकडचा उकाडा आपल्यासारखा नाही, हे तिघांनीही मनावर घ्या. आपल्याकडे वैशाखात घामाने शर्ट पिळून निघतो, म्हणून शरीरातलं पाणी गेल्याचं कळतं. तिथल्या कोरड्या हवेत घाम जिथल्या तिथे उडून जातो, अंग कोरडं लागतं आणि माणसाला वाटतं आपल्याला घाम येतच नाही. संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात तेव्हा उमगतं. घरातून निघताना कोकमाच्या आगळात मीठ घालून पितेस ना, ती सवय तिकडे मिठाच्या पुड्यांनी चालू ठेवा. नुसतं पाणी ढोसत राहणं हेही धोक्याचंच. पहाटे अंधारात निघायचं, दुपारी सावली धरून पडायचं, उन्हं कलली की पुन्हा उठायचं. रात्री तिथे थंडी पडते, त्यामुळे गरम कपडे वाळवंट म्हणून मागे ठेवू नका.

आणि दोन्ही कानांत गाणी घालून चालू नका. आपल्या कातळावरचं फुरसं अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतं, तुला ठाऊक असेल. तिथला रॅटलस्नेक शेपटी खुळखुळवतो. दोघांचंही म्हणणं एकच असतं, ऐकणाऱ्याचे कान मोकळे हवेत.

‘आपापल्या चालीने’ हा नियम मात्र दोन ठिकाणी मोडायचा.

पहिलं ठिकाण बर्फ. केनेडी मेडोज इथपर्यंत, म्हणजे सुमारे १,१३० किलोमीटरवर, वाळवंट संपतं आणि सिएरा सुरू होते. एप्रिलच्या मध्याला निघालात तर जूनच्या आसपास तिथे असाल. पुढे फॉरेस्टर खिंड आहे, ४,००९ मीटर उंच, या वाटेवरचा सर्वांत उंच बिंदू. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. उंचीची भीती फार नको, वाट हळूहळू चढत नेते, शरीर जुळवून घेतं. भीती बर्फाच्या उताराची, कारण तुम्हा तिघांपैकी कुणीही बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही असं दिसतं. आइस अ‍ॅक्स हातात असून भागत नाही, घसरल्यावर ती बर्फात रोवून स्वतःला थांबवता यायला हवं, आणि ते शिकूनच येतं. निघण्याआधी आठवडाभर काढून हिमाचलात किंवा उत्तराखंडात जाणत्या माणसाकडून एवढं तरी शिकून या. ते जमणार नसेल तर सिएराच्या तोंडाशी थांबून तिथे शिका. आणि त्या वर्षी बर्फ फार असेल तर आडमुठेपणा करू नका. बरेच जण तेवढा भाग सोडून उत्तरेला जातात आणि उन्हाळ्यात मागे येऊन तो पुरा करतात. बर्फात तिघांनी एकमेकांच्या नजरेतच राहायचं.

दुसरं ठिकाण ओढे. तिथे दिवसा ऊन तापलं की बर्फ वितळतं आणि ओढ्यांना लोंढा येतो, दुपारनंतर ओढा अंगावर येतो. पहाटे तोच ओढा कितीतरी शांत असतो. हे तुला शिकवायला नको. तू खाडीकाठची आहेस. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, हे तुझ्या घरातल्या कुणीही सांगितलं असेल. उधाणाला बामणघळीच्या, म्हणजे समुद्राकाठच्या कातळातल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी जाऊ नये हे हेदवीच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. पाण्याला वेळ असते, आपण तिची वाट पाहायची. सिएरातल्या ओढ्यापाशी संध्याकाळी पोचलात आणि पाणी मांडीला लागतंय असं दिसलं तर अलीकडेच तंबू टाका. सकाळी तिघं मिळून उतरा, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून, म्हणजे पाय गेलाच तर ओझं तरी सुटेल. हे तुझ्या भावाला तू सांग. पुण्यातल्या माणसाला ते पुस्तकातलं वाटेल, तुझ्या तोंडून पटेल.

तिसरी एक छोटी गोष्ट. शिधा भरायला वाट सोडून गावात जावं लागतं आणि पुष्कळदा लोकांच्या गाडीला हात दाखवूनच. त्या वेळी तुम्ही दोघी एकट्या राहू नका.

आता तुझी मैत्रीण. भाऊ म्हणतो तिला झेपणार नाही. मला हे पटलेलं नाही, आणि का ते सांगते. तुम्ही हर्णैहून दक्षिणेला निघालात, म्हणजे समुद्र सतत उजव्या हाताला. पुळण समुद्राकडे उतरती असते. मुरूड, कर्दे, लाडघर, पुढे गुहागरची लांबलचक पुळण, या सगळ्या टप्प्यांत प्रत्येक पावलाला उजवा पाय खाली आणि डावा वर. अशा तिरक्या वाळूवर तास-तास चाललं की धडधाकट माणसाचाही गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतो. त्यात वहाळ आणि पऱ्ये ओलांडताना बूट भिजले असणार. ओला मोजा, त्यात खारी वाळू, वर दिवसभर चाल. फोड येणारच. हा तिच्या ताकदीचा दोष नाही, ओहोटीची वेळ न पाहता निघाल्याचा आहे. ओहोटीला खालची ओली वाळू घट्ट आणि पुष्कळशी सपाट मिळते. तुम्ही कोरड्या, तिरक्या वाळूतून चाललात असं मला तुझ्या वर्णनावरून वाटतं.

तिला सांग, बूट नेहमीपेक्षा एक माप मोठा घे, लांब चालीत पाय सुजतात. पायाला एका जागी नुसतं हुळहुळलं तरी तिथल्या तिथे खाली बसायचं, मोजा काढायचा, पाय पुसून कोरडा करायचा आणि त्या जागी चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर नाही, त्याच्या आधी. तिने डिसेंबरात असं केलं नाही, कारण दोन जण पुढे चालले होते आणि ‘थांबा’ म्हणायची तिला लाज वाटली. हे तिने मला कळवलेलं नाही, पण मागे पडणाऱ्या माणसाचं मन मला माहीत आहे. प्रत्येकजण आपल्या चालीने चालत असला की थांबायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि पाय वाचतात.

पैशांचं बोलणं निघण्याआधी व्हायला हवं आणि ते कागदावर हवं. तुझ्या भावाला पगार आहे, तुमच्या दोघींची परिस्थिती तुम्हाला ठाऊक. गावात उतरल्यावर त्याला मोटेलची खोली आणि हॉटेलातलं जेवण हवंसं वाटेल, तुम्हाला तंबू टाकून भागवावंसं वाटेल. पहिल्या महिन्यात कुणी बोलत नाही, दुसऱ्या महिन्यात कुढतं, तिसऱ्या महिन्यात फुटतं. एकत्र खर्च कशाचा, वेगळा कशाचा, हे ठरवा.

त्याच कागदावर अवघड प्रश्नही लिहा. एकाने सोडलं तर बाकीचे काय करणार? माझं मत स्पष्ट आहे. दुखापत असेल तर त्याला गावापर्यंत, डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी पोचवायचं, तिथे कुणीही चालीचा हिशेब करायचा नाही. पण तो सुखरूप झाला की इतरांनी मोकळ्या मनाने पुढे जायचं आणि जाणाऱ्याने मोकळ्या मनाने जाऊ द्यायचं. मन उडालं म्हणून कुणी घरी परतलं तर त्याला एका शब्दाने टोचायचं नाही, इकडे आल्यावरही नाही. व्हिसाचंही त्यातच बघा. पर्यटक व्हिसावर विमानतळावरचा अधिकारी साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतो, चालीला पाच लागतात. महिनाभराची सवड आहे ती रागात किंवा आळसात घालवू नका.

आईला काय सांगायचं? ती ‘तिघं असाल तरच’ म्हणते, कारण तिच्या डोळ्यांसमोर तू डोंगरात एकटी आहेस. तिला हे सगळं दाखव. कोणत्या दिवशी कुठल्या गावात उतरणार त्याचा अंदाजी तक्ता लिहून दे, उपग्रहाच्या यंत्रावरून रोज रात्री निरोप येईल हे सांग, आणि निरोप आला नाही तर किती तास वाट पाहून कुणाला कळवायचं तेही लिहून दे. ‘काळजी करू नकोस’ म्हणून आईची काळजी जात नाही. काय करायचं हे हातात असलं की ती थोडी निवते. तिला खोटं मात्र सांगू नकोस. तिघं कायम हातात हात घालून चालू असं कबूल करून जाऊ नकोस.

मार्चमध्ये पाच दिवस काढा आणि पुढची चाल करा, जयगडपासून दक्षिणेला. मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, भाट्ये, पावस, पूर्णगड. प्रत्येकाकडे स्वतःचं सगळं. रोज सकाळी भेटायच्या दोन जागा ठरवायच्या. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी पहिली भेट ठरवा, लांबून ओळखू येते आणि पाणी मिळतं. शेवटच्या दिवशी पूर्णगडाचा पूल ओलांडून गावखडीवरून कशेळीच्या सड्यावर जा, आणि मुद्दाम दुपारी बारानंतर. कोकणात वाळवंट नाही, पण मार्चातला सडा आहे. झाड नाही, आडोसा नाही, पायाखाली तापलेला जांभा आणि वरून ऊन. तिथे हत्तीचं मोठं कातळशिल्प आहे, ते शोधायला भटकावं लागेल. प्रत्येकी पाच लिटर पाणी पाठीवर घेऊन तीन तास तिथे चाला. कुणाची सावली संपते, कुणाचं पाणी संपतं, कोण चिडतं, कोण गप्प होतं, सगळं दिसेल. त्यानंतरही तुम्ही एकमेकांशी बोलत असाल तर एप्रिलमध्ये तिघं जा. नसाल तर तेव्हा तू एकटी जायचा विचार कर. आईला पटवायला मी तुला पुन्हा पत्र लिहीन.

पण जयगडला जायच्या आधी एक काम आहे. दाभोळला जा, तिघंही. आजींना त्यांचं नाव विचारा, तुमची नावं सांगा, घरून काही करून न्या. त्या पडवीत बसून तुम्ही दोघींनी भावाला सांगा की ती रात्र कशी गेली, कुठला आवाज आला की दचकत होतात, किती वाजता उजाडलं. आणि मग त्याला बोलू द्या. तुझ्या पत्रात एकच ओळ आहे की तो रात्री उशिरापर्यंत धोपाव्याच्या जेट्टीवर बसून होता. बोट सकाळीच येणार हे त्याला माहीत होतं, तरी तो अंधारात पलीकडचे दाभोळचे दिवे बघत बसला होता. तेव्हा त्याच्या मनात काय होतं, हे तुम्ही दोघींनी अजून त्याला विचारलेलं नाही.